डोंगरात घर कोठे असावे?

सपाटीवरच्या शहरात घर शोधावयास निघालेला मनुष्य साधारणतः तीन प्रश्न विचारतो. किंमत काय, कचेरी किती दूर आणि नळाला पाणी किती वेळ येते? या तिन्हींची उत्तरे मिळाली म्हणजे त्याचे काम बहुतांशी उरकते. कारण पायाखालची जमीन जागच्या जागी राहणार, हे त्याने गृहीतच धरलेले असते. डोंगराळ प्रदेशात नेमके हेच गृहीत तपासून पाहावे लागते. तेथे माती, दगड, पाणी, थंड हवा, फार काय शेजाऱ्याचे सांडपाणीदेखील, सारे काही उताराने खाली जावयास निघालेले असते. आपले घर त्या वाटेवर आहे की वाटेच्या बाजूस, एवढ्या एकाच गोष्टीवर पुष्कळ काही अवलंबून असते.

हा विचार स्पष्ट व्हावा म्हणून आपण एकच गाव डोळ्यांपुढे ठेवू. हिमाचल प्रदेशाची राजधानी सिमला ही समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर एका लांबट डोंगरधारेवर वसलेली आहे. ही धार म्हणजे एक जलविभाजक होय. तिच्या उत्तरेस पडलेले पावसाचे पाणी सतलजेकडे जाते, तर दक्षिणेस पडलेले यमुनेकडे. धारेवर सरकारी कचेऱ्या, उच्च न्यायालय, रुग्णालये व विद्यापीठ आहे. परंतु राहावयास जागा थोडी. म्हणून येथे नोकरी करणारा मनुष्य संजौली, ढली, टूटू अशा वस्त्यांत घर पाहतो, शोघीसारख्या जवळच्या गावी पाहतो, किंवा सुमारे पन्नास किलोमीटरांवरील सोलनपर्यंत खाली उतरतो. बहुधा ऑक्टोबरातील एखाद्या रविवारी तो जागा पाहावयास जातो. आकाश निवळलेले असते, जमीन कोरडी असते, दूरवर हिमशिखरे दिसत असतात. तो रविवारच त्याला फसवितो. तीच जागा ऑगस्टात पाहिली असती, तर तिने आपला खरा स्वभाव सांगितला असता.

अंतराचे माप

डोंगरात अंतर किलोमीटरांत मोजून भागत नाही. १९०३ साली सुरू झालेला कालका-सिमला लोहमार्ग ९६ किलोमीटरांत सुमारे १,४०० मीटर चढतो आणि त्या प्रवासास आजही साधारण पाच तास लागतात. मोटार रस्ता जलद खरा. परंतु तो डोंगराची कड कापून केलेला असतो आणि कापलेली कड पावसाळ्यात ढासळू शकते. ऑगस्ट २०२३ मध्ये याच मार्गावर चक्की मोड येथे रस्ता खचून वाहतूक कित्येक दिवस खंडित झाली होती. हिवाळ्यात आणखी एक अडचण उद्भवते. ज्या वळणावर दिवसभर ऊन पडत नाही, तेथे रात्री गोठलेल्या पाण्याचा काचेसारखा थर सकाळी कचेरीच्या वेळेपर्यंत तसाच राहतो आणि त्यावर वाहने घसरतात.

म्हणून प्रश्न असा विचारावा की, वर्षातील सर्वांत वाईट दहा दिवसांत या घरापासून कचेरीपर्यंत, आणि त्याहूनही रुग्णालयापर्यंत, जाता येईल काय? दुसरी वाट आहे काय? निदान पायवाट तरी आहे काय? एरवी चाळीस मिनिटांत पोहोचविणारा एकुलता एक रस्ता हा वास्तविक जवळचा रस्ता नव्हे.

उतार का ढळतो?

उतारावरच्या मातीचे वजन तिला खाली ओढीत असते. कणाकणांमधील घर्षण आणि त्यांचा परस्परांस चिकटून राहण्याचा गुण तिला धरून ठेवतात. कोरड्या दिवसांत या दोहोंचा तोल साधलेला असतो. पाऊस लागून राहिला म्हणजे पाणी कणांमधील पोकळ्यांत शिरते. त्याने मातीचे वजन तर वाढतेच. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पोकळ्यांत कोंडलेले पाणी कणांना एकमेकांपासून दूर रेटू लागते. घर्षण कमी होते आणि तोल बिघडतो. काल ज्या उतारावर घर निश्चिंत उभे होते, तोच उतार आज चालू लागतो.

सुटी माती किंवा खडी यांचा ढीग केला, तर तो आपल्या बळावर साधारणतः ३० ते ३७ अंशांच्या कोनातच उभा राहतो. त्याहून ताठ केल्यास घसरतो. हिमाचल प्रदेशाच्या नगररचना नियमांनी ४५ अंशांहून अधिक उतारावर बांधकामास मनाई केली आहे. परंतु ४५ अंश ही केवळ नियमाची मर्यादा असून ती सुरक्षिततेची हमी नव्हे, हे वरील आकड्यांवरून ध्यानात येईल. अखंड खडकाचा तेवढा उतार टिकेल. भरावाचा टिकणार नाही.

भराव ही डोंगरातील सर्वांत फसवी जमीन होय. रस्ता करताना वरची कड कापतात आणि निघालेला राडारोडा खालच्या बाजूस लोटतात. काही वर्षांनी त्यावर गवत उगवते, आणि रस्त्यालगतची सोयीची जागा म्हणून ती विकली जाते. अशा घराचे छप्पर रस्त्याच्या पातळीवर असते. तेथे मोटार उभी करतात आणि मजले त्याखाली उतरत जातात. समोरून एकमजली दिसणारी इमारत दरीच्या बाजूने पाहिली असता सहा-सात मजल्यांची निघते. तिच्या पायाखाली काय आहे, हे रस्त्यावरून दिसत नाही. ३० सप्टेंबर २०२१ रोजी सिमल्याच्या कच्ची घाटी भागात उतारावरील एक बहुमजली इमारत बघता बघता कोसळली. ती आधीच रिकामी करविण्यात आली होती म्हणून प्राणहानी टळली.

खडक असला तरी त्याच्या थरांची दिशा पाहावी लागते. टेबलावर पुस्तकांची चळत तिरपी करून पाहा. पुस्तके ज्या बाजूस कललेली असतील, त्या बाजूस ती सहज घसरतात. उलट बाजूस घसरत नाहीत. डोंगराच्या थरांचेही असेच आहे. थर उताराच्याच दिशेने कललेले असतील, तर दोन थरांमध्ये शिरलेले पाणी वंगणासारखे काम करते. थर डोंगराच्या पोटात कललेले असतील, तर तीच जागा पुष्कळ अधिक भरवशाची ठरते. एकाच टेकडीच्या दोन बाजू त्यामुळे एकसारख्या सुरक्षित नसतात.

जुन्या खुणा

निसर्ग एकदा ज्या वाटेने गेला, त्या वाटेने तो पुन्हा येतो. १४ ऑगस्ट २०२३ रोजी सिमल्याच्या समरहिल भागात दरड कोसळून शिवमंदिर गाडले गेले आणि २० जणांचा मृत्यू झाला. जवळच लोहमार्गाचे रूळ अधांतरी लोंबत राहिले. त्या मंदिराचे नाव शिव बावडी. बावडी म्हणजे झऱ्याचे बांधीव कुंड. पाण्याची वाट जणू नावातच नोंदलेली होती. कोरडी दिसणारी घळ ही रिकामी जागा नसून पाण्याने आपल्यासाठी राखून ठेवलेला मार्ग असतो, हे अशा वेळी कळून येते.

याहून मोहक खूण म्हणजे उभ्या उतारावर मध्येच आढळणारी सपाट, सुपीक व पाणथळ जागा. ती पुष्कळदा एखाद्या प्राचीन दरडीच्या राशीवर तयार झालेली असते. उत्तराखंडातील जोशीमठ गाव अशाच राशीवर वसले आहे. १९७६ साली मिश्रा समितीने हे स्पष्टपणे सांगून, जड बांधकाम टाळावे व उतारावरील मोठे दगड हलवू नयेत, असे सुचविले होते. जानेवारी २०२३ मध्ये तेथील शेकडो घरांना तडे गेले आणि अनेक कुटुंबांना राहती घरे सोडावी लागली. नैनितालची गोष्ट याहून जुनी आहे. १८ सप्टेंबर १८८० रोजी संततधार पावसानंतर कोसळलेल्या दरडीत १५१ माणसे मरण पावली. त्यानंतर तेथील उतारांवरचे पाणी वाहून नेण्यासाठी बांधीव नाल्यांचे जाळे घालण्यात आले. पाण्याला वाट करून दिली, तर उतार टिकतो, हा त्या दुर्घटनेचा धडा होय.

पिण्याचे पाणी आणि सांडपाणी

डोंगरात पाऊस विपुल, पण पाणी दुर्लभ, असा अनुभव नेहमीचा आहे. पडलेले पाणी वेगाने वाहून जाते. खडकाच्या भेगांत जे मुरते तेवढेच झऱ्यांतून वर्षभर मिळते. हिमालयाच्या पट्ट्यातील सुमारे निम्मे झरे आटत चालल्याची नोंद नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात आहे, आणि त्याच वर्षी मे-जून महिन्यांत सिमल्यात पाण्याची तीव्र टंचाई पडली. म्हणून झरा पाहावयाचा असेल तर तो मे महिन्यात पाहावा. सप्टेंबरात सर्वच झरे वाहत असतात.

त्याचबरोबर वर कोण राहतो, हेही पाहावे. २०१५ च्या अखेरीस सिमल्यात काविळीची मोठी साथ पसरली. शहरास पाणी पुरविणाऱ्या अश्वनी खड्डात वरच्या अंगाचे सांडपाणी मिसळत होते. खड्ड म्हणजे तिकडचा ओढा. डोंगरात वरच्याचे मोरीचे पाणी हे खालच्याचे पिण्याचे पाणी होऊ शकते. शिवाय शोषखड्ड्यांतून मुरणारे पाणी उतार भिजवीत राहते, आणि पाऊस नसतानाही पावसाचे काम करते.

ऊन आणि थंड हवा

सिमला सुमारे ३१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीदेखील सूर्य तेथे क्षितिजापासून केवळ ३५ अंशांच्या आसपास वर येतो. आता ३५ अंशांच्या उत्तराभिमुख उतारावर घर असेल, तर सूर्यकिरण त्या जमिनीस जेमतेम चाटून जातात; तेवढाच उतार दक्षिणाभिमुख असेल, तर त्याच किरणांचा जमिनीशी ७० अंशांचा कोन होतो. एकाच धारेच्या दोन बाजूंस दोन निरनिराळे हिवाळे असतात ते यामुळे.

उंची वाढली म्हणजे दर हजार मीटरांस तापमान सरासरीने सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. त्या हिशेबाने सोलन सिमल्याहून साधारण चार अंशांनी उबदार ठरते. परंतु खाली उतरावे तितके उबदार, असे मात्र समजू नये. स्वच्छ व निवांत रात्री उतारावरची हवा थंड होऊन जड होते, पाण्यासारखी खाली वाहते आणि दरीच्या तळाशी साचते. धुके आणि चुलीचा धूर तेथेच कोंडतात. तळ आणि माथा यांच्या मध्ये, दक्षिणेकडे तोंड केलेली सोंड ही म्हणूनच सुखाची जागा होय.

भूकंपाचा विचार

हिमालयाचा सारा पट्टा भूकंपप्रवण आहे. ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा भूकंपात सुमारे २०,००० लोक दगावले. दरीच्या बाजूने उंच खांबांवर व डोंगराच्या बाजूने आखूड खांबांवर उभ्या असलेल्या इमारतीस भूकंप समान रीतीने हलवीत नाही. आखूड खांब ताठ असल्यामुळे धक्क्याचा मोठा भार तेच ओढून घेतात आणि प्रथम तुटतात. या भागातील जुनी काठकुणी घरे दगड व देवदाराच्या तुळया यांचे एकाआड एक थर रचून बांधलेली असत. अशी भिंत हलते, पण सहसा फुटत नाही. नव्या घरास तीच लवचिकता पोलादाच्या योग्य जोडणीने द्यावी लागते, आणि ते काम जाणत्या अभियंत्याचे आहे.

पाहणी कशी करावी?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण प्रदेशांचे नकाशे केले आहेत व ते सर्वांना पाहता येतात. ते प्रथम पाहावेत. परंतु १ : ५०,००० या प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर; आपली जागा त्यात टिंबाएवढी. नकाशा धोक्याचा मुलूख दाखवितो, एखाद्या घरास निर्भयतेचा दाखला देत नाही. म्हणून जागेवर जावे, आणि शक्यतो भर पावसात जावे. झाडांचे बुंधे मुळापाशी वाकले आहेत काय? विजेचे खांब कलले आहेत काय? शेजारच्या घरांची दारे अडकतात काय, भिंतींवर तिरप्या भेगा आहेत काय? संरक्षक भिंतीला, म्हणजे तिकडच्या भाषेत डंग्याला, पोट सुटले आहे काय, आणि तिच्यातील पाणी काढून देणारी भोके बुजली आहेत काय? यांपैकी एखादी खूण एकटी असेल, तर तिला अन्य कारणही असू शकेल. हिमाच्या भारानेही झाडे वाकतात. तीन-चार खुणा एकत्र दिसल्या, तर मात्र परत फिरावे. शेवटी गावातील वृद्ध माणसास विचारावे की, येथे पूर्वी काय होते? ओढा, शेत की खडक? जुन्या लोकांनी पुष्कळ ठिकाणी घरे खडकाळ सोंडेवर बांधली आणि मऊ जमीन शेतीस ठेवली. रस्ता आल्यावर घरे त्या मऊ जमिनीवर उतरली.

हा प्रश्न केवळ हिमालयातला नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा सह्याद्रीचा खडक निराळा असला, तरी मुसळधार पावसाने भिजलेल्या उताराचा नियम तोच होता. आणि हेही मान्य केले पाहिजे की, निवड करण्याची मोकळीक सर्वांना सारखी नसते. दरीच्या बाजूच्या सर्वांत खालच्या मजल्यावर बहुधा तोच भाडेकरू राहतो, ज्याचे वेतन सर्वांत थोडे असते. त्याला दुसरी जागा परवडत नसेल. परंतु पावसाळ्यापूर्वी नाला मोकळा करावा, डंग्याची भोके उघडी ठेवावीत, भिंतीवरील भेगेवर खूण करून ती वाढते की नाही हे पाहावे, आणि वाढू लागताच घर सोडावे, एवढे ज्ञान तरी त्याच्यापर्यंत पोहोचलेच पाहिजे. कच्ची घाटीतील माणसे वाचली, ती इमारत भक्कम होती म्हणून नव्हे. वेळीच बाहेर पडली म्हणून.