आगीचा मुहूर्त

फेब्रुवारीत भोपाळच्या शाहपुरा तलावाच्या काठावरून कोलारच्या बाजूला पाहिलं, की उतारांवरचं गवत वाळून पिवळं झालेलं दिसतं. थोड्याच दिवसांत जंगलात मोहाखालचा पाला पेटवतील, कारण फुलं वेचायला जमीन मोकळी लागते. गहू निघाला की शेतांत नरवाई, म्हणजे उरलेली धाटं, जळतील. वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. आग लागली का, एवढंच आपण विचारतो. ती कोणत्या महिन्यात लागली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

उत्तर ऑस्ट्रेलियाच्या सव्हानात या महिन्यांच्या फरकाचेच पैसे मिळतात. पश्चिम अर्नहेम लँडमध्ये २८,००० चौरस किलोमीटरच्या रानात तिथले आदिवासी रेंजर पावसाळा सरताच, गवतात ओल असताना मुद्दाम आग लावतात. ही आग बुटकी असते, रात्रीच्या दवात विझते आणि मागे जळक्या जमिनीचे तुकडे ठेवते. कोरड्या ऋतूच्या अखेरीस वणवा आलाच, तर तो या तुकड्यांपाशी अडतो. २००६ साली डार्विनच्या नैसर्गिक वायू प्रकल्पाशी १७ वर्षांचा करार झाला: वर्षाला एक लाख टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचं उत्सर्जन टाळायचं, प्रकल्पाने त्याचा मोबदला द्यायचा. पुढे फिश रिव्हर या १,७८,००० हेक्टरांच्या, एके काळी गुरांसाठी राखलेल्या रानातही हेच झालं.

गंमत अशी, की या हिशेबात धुरातला कार्बन डायऑक्साइड धरत नाहीत. पुढच्या पावसात उगवणारं गवत तो परत घेतं. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र गवत परत घेत नाही. शंभर वर्षांच्या मापाने, कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत पहिला सुमारे २८ पट तापवतो, दुसरा २६५ पट. उशिराचा वणवा जास्त रान खातो, पडलेली लाकडंही जाळतो, म्हणून हे वायूही जास्त सोडतो.

हे शहाणपण आपल्याला परकं नाही. कर्नाटकात बिळिगिरीरंगन डोंगरांतले सोलिगा अशीच लवकरची, पाल्यापुरती आग लावत. अभयारण्यात आगीला बंदी झाली आणि घाणेरीने रान व्यापलं, असं ते सांगतात.

तरीही ऑस्ट्रेलियाचं गणित जसंच्या तसं आपल्या माळावर बसणार नाही. तिथे कार्बन क्रेडिट मिळतं ते पूर्वीच्या मोठ्या वणव्यांत झालेल्या घटीवर, आणि आपल्या माळावर धनगरांची मेंढरं चरून गेल्यावर जळायला उरतंच थोडं. मला धास्ती आहे ती दुसऱ्याच क्रेडिटची. माळाला पडीक म्हणायचं आणि झाडं लावून मोकळं व्हायचं, ही आपली जुनी खोड. २०२३ च्या ग्रीन क्रेडिट नियमांनी वृक्षलागवडीला क्रेडिटही देऊ केलं. गवताचा कार्बन बहुतांशी मुळांत आणि मातीत असतो. आग वरून निघून गेली तरी तो टिकतो. आणि माळ म्हणजे तोडलेलं जंगल नव्हे: २०२५ साली दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर यांनी जुन्या मराठी वाङ्मयातल्या वनस्पतींवरून दाखवलं, की पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं निदान साडेसातशे वर्षं जुनी आहेत.

मोडिस हे यंत्र बसवलेले उपग्रह दोन दशकांहून अधिक काळ आगीचे ठिपके टिपताहेत. कुठे आणि कधी जळलं, ते त्यात सापडतं. कोणी आणि कशासाठी जाळलं, ते धनगरांच्या वाड्यावर जाऊन विचारावं लागतं, आणि तेही रोपांचे खड्डे घेण्याआधी.