गिर्यारोहकाचे बूट : दुरुस्ती की निवृत्ती?

29 मे 1953 च्या पहाटे, एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर, सुमारे साडेआठ हजार मीटर उंचीवर, एडमंड हिलरी यांना आढळले की रात्री काढून ठेवलेले आपले बूट गोठून दगडासारखे झाले आहेत. तेनसिंग यांनी आपले बूट पायांतच ठेवले होते. हिलरींचे बूट स्टोव्हवर धरून मऊ करण्यात जवळजवळ दोन तास गेले आणि मगच जगातील सर्वोच्च शिखराकडे पावले वळली. पराक्रमाच्या कथेत बुटाला स्थान मिळते ते असे, तो अडला म्हणजे!

माझाही अनुभव याच जातीचा, फक्त फार लहान. 2019 साली गढवालातील एका खिंडीतून उतरताना माझ्या उजव्या बुटाचा तळ एकाएकी सुटून लोंबू लागला. बूट दहा वर्षांपूर्वीचे, पण जेमतेम चार वेळा वापरलेले. कातडे अगदी नव्यासारखे तुकतुकीत. सरकारी नोकरीतील बदल्यांबरोबर ते खोक्यात बंद राहून गावोगाव फिरले होते. दोरीने तळ बांधून मी कसाबसा खाली आलो. परंतु माझ्या पायी साऱ्या तुकडीला पावसात आणि अंधारात चालावे लागले. न वापरलेला बूट झिजत नाही, हा माझा समज त्या दिवशी मोडला.

त्याचे कारण असे. आजच्या पुष्कळशा बुटांत बाहेरचा रबरी तळ आणि वरचे कातडे यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतील दमटपणाने या पदार्थाचे रासायनिक बंध हळूहळू तुटतात आणि काही वर्षांनी त्याचा भुगा होतो. बूट पायांत असो वा कपाटात, ही क्रिया थांबत नाही. म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी बूट बाहेर काढावा. मधल्या थरावर अंगठा दाबून पाहावा, बूट वाकवून पाहावा. भेगा दिसल्या, कण गळू लागले, तर त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

रबरी तळाचे महत्त्व जगाला फार मोल देऊन कळले. 1935 साली आल्प्समधील पुंता रासिका या शिखरावर वादळात सहा गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेने व्यथित झालेल्या विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने 1937 साली खोल खाचांचा रबरी तळ सिद्ध केला. तोवर खडकावर एक पादत्राण आणि बर्फावर खिळे ठोकलेले दुसरे, अशी विभागणी असे. या खाचा सपाट झाल्या, की त्यांच्यासाठी केलेला सारा खटाटोप व्यर्थ गेला असे समजावे.

मग दुरुस्त काय करावे आणि टाकून काय द्यावे? कातडे शाबूत, टाचेची पकड घट्ट आणि केवळ तळ झिजला असेल, तर नवा तळ बसवून घ्यावा. शिवलेल्या तळाचे बूट या कामी उत्तम. चिकटवलेल्या तळाचे कामही होते. मात्र जाणत्या कारागिराकडून मधला थरही बदलून घ्यावा. झीज त्या थरापर्यंत पोहोचण्यापूर्वीच हे करणे शहाणपणाचे. उलट, बोटांच्या वळणावर कातडे आरपार फाटले असेल, किंवा टाचेचा आधार लुळा पडला असेल, तर त्या बुटाला सन्मानाने निरोप द्यावा.

नवा बूट संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, जाड मोजे घालून पाहावा. नाड्या न बांधता पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट मावले पाहिजे; नाड्या बांधून उतारावर चालताना बोटे पुढे आपटता कामा नयेत. भिजलेला बूट शेकोटीजवळ कधीही वाळवू नये. कातडे आकसून तडकते. आत कागद भरून सावलीत ठेवावा.

डोंगरावर आपण दोरावर, सोबत्यावर विश्वास टाकतो. त्याआधी पायांखालच्या सोबत्याची एकदा विचारपूस करावी, एवढेच.