एका घरावर दोन कर्जं

सकाळी ७

खडकवासल्यात माझं छोटं कार्यालय आहे. वकिली मुख्यतः सर्चची. घर तारण घेण्याआधी बँकेला त्या मिळकतीचा मागचा तीस वर्षांचा इतिहास लागतो, तो मी काढून देते. सिंहगड रोड तुंबायच्या आत आले की एखादी फाईल निवांत वाचून होते.

आजच्या फाईलमधलं कुटुंब घरावरचं एक कर्ज फेडतंय आणि मुलीच्या परदेशातल्या शिक्षणासाठी त्याच घरावर दुसरं मागतंय. सात-बाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात मात्र तिसरंच काही निघालं: आजोबांच्या नावे विकास सोसायटीचा बोजा, इलेक्ट्रिक मोटर आणि पाइपलाइनसाठी. घरात कुणाला ते आठवतसुद्धा नाही, म्हणजे कर्ज कधीच फिटलं असणार. पण बोजा कमी केल्याचा फेरफार नाही, आणि बँक उताऱ्यावर जे लिहिलंय तेच धरते. आता सोसायटीचा बेबाकी दाखला आणायचा, ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (म्हणजे आपल्या तलाठ्याकडेच) अर्ज करायचा, फेरफार मंजूर व्हायची वाट बघायची. यात काही आठवडे सहज जातात, आणि कॉलेजची फी तेवढं थांबत नाही. कर्जाचा विचार मनात आला त्याच दिवशी स्वतःचा उतारा काढून वाचावा, असं मी भेटेल त्याला सांगते. बँकेच्या वकिलानं चूक शोधून काढेपर्यंत थांबू नये.

सकाळी साडेनऊ

किरकटवाडीचे एक निवृत्त काका मुलाला घेऊन आले. फ्लॅटवरचं गृहकर्ज दोघांच्या नावे, अजून चालू आहे. मुलाच्या धंद्यासाठी आणखी ८ लाख हवेत.

“ताई, एकच घर दोन ठिकाणी ठेवता येतं का हो?”

कायद्यानं येतं. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आड येत नाही. पण घर विकायची वेळ आली तर आधीच्या धनकोचं सगळं फिटून जे उरेल, त्यातूनच दुसऱ्याला मिळतं. त्यामुळे दुसरा एकतर व्याज चढं लावतो, नाहीतर सरळ नको म्हणतो. शिवाय मूळ करारनामा आणि इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) पहिल्या बँकेच्या ताब्यात. म्हणून आपल्याकडे बहुतेकजण त्याच बँकेकडून टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्ज, घेतात, किंवा दुसरी बँक पहिलीचं सगळं फेडते आणि वर जादा रक्कम देते. या दुसऱ्या वाटेनं जाताना फक्त व्याजदर बघू नये. प्रोसेसिंग फी, मूल्यांकन, सर्च आणि मुद्रांक शुल्क पुन्हा भरावं लागतं. कागद नव्या बँकेत जमा केले की तीस दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे नोटीस ऑफ इंटिमेशनही, म्हणजे तारणाची सूचना, द्यावी लागते, आणि ती देण्याची जबाबदारी कर्जदाराची असते.

“हप्ता कमी बसतो म्हणून पंधरा वर्षं घेतोय,” मुलगा म्हणाला.

मी कागद ओढला. दर १० टक्के धरला. ८ लाखांना पंधरा वर्षांचा हप्ता सुमारे ८,६०० रुपये आणि एकूण व्याज जवळजवळ साडेसात लाख. पाच वर्षांत फेडलं तर हप्ता १७,००० आणि व्याज २ लाख २० हजार. काकांनी दोन्ही आकड्यांखाली रेघ मारली आणि कागद मुलाकडे सरकवला.

बँकेनं दिलेलं की फॅक्ट स्टेटमेंटही आम्ही तिथेच वाचलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ते द्यावंच लागतं. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. यांच्या कागदात कर्जाच्या विम्याचा एकरकमी हप्ता मूळ रकमेत मिळवलेला होता, म्हणजे त्यावरही पंधरा वर्षं व्याज. विमा वाईट असं मी म्हणणार नाही. घ्यायचा तर वेगळा, खिशातून भरून घ्यावा.

माझं मत मी लपवत नाही. दुखणं, शिक्षण, गळकं छत यांसाठी घर तारण ठेवलं तर ते समजतं. लग्नाच्या थाटासाठी किंवा शेअर बाजारासाठी ठेवू नये. ८ ऑगस्ट २०२४ च्या पतधोरण निवेदनात रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनीही टॉप-अप गृहकर्जांबद्दल इशारा दिला होता. तारणाची मर्यादा आणि पैशाच्या वापरावरची देखरेख काही संस्था नीट पाळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. धंद्यासाठी घ्यायचं असेल तर निदान सहा हप्त्यांची रक्कम बाजूला काढून ठेवा, एवढं मी दोघांना सांगितलं.

दुपारी १

डबा, आणि दोन सर्च रिपोर्टवर सह्या.

दुपारी २

ज्या कामासाठी माझा जीव तुटतो, ते दुपारी आलं.

खडकवासला, किरकटवाडी, नांदेड ही गावं ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत आली. त्याआधी गुंठा-दोन गुंठ्यांवर उभी राहिलेली कितीतरी घरं अशी आहेत, की ग्रामपंचायतीचा नमुना आठ आहे, घरपट्टी भरलेली आहे, पण मंजूर नकाशा नाही. बँक अशा घरावर पहिलंच कर्ज द्यायला कांकू करते, दुसरं कुठलं देणार? मग माणूस खासगी सावकाराच्या दारात जातो.

आज आलेल्या दादांनी पतसंस्थेचे हप्ते थकले म्हणून असंच एकाकडून पैसे उचलले. त्यानं गहाणखत केलंच नाही, सरळ खरेदीखत नोंदवून घेतलं. “पैसे दिले की घर परत नावावर करून देईन,” हे तोंडी. दादांकडे त्या खताची झेरॉक्स होती. मी ती ओळ न् ओळ वाचली. ‘कायम खुष खरेदीखत’, पूर्ण मोबदला मिळाला, ताबा दिला. परतीच्या शर्तीचा एक शब्द नाही.

गहाण शर्तीच्या विक्रीच्या रूपातही असतं, पण कायदा त्याला गहाण तेव्हाच मानतो, जेव्हा परतीची शर्त त्याच दस्तात लिहिलेली असते. वेगळ्या स्टॅम्प पेपरवरचा करार इथे कामाला येत नाही, आणि तोंडी शब्द तर नाहीच. दादा कुटुंबासह त्याच घरात राहतात आणि दर महिन्याला व्याज देतात. कागदावर मात्र मालक दुसराच.

वाट अगदीच बंद नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली मिळकत परत करण्याचा आदेश सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात. त्यासाठी व्यवहार कर्जाचाच होता हे दाखवावं लागतं. व्याज रोख न देता खात्यातून दिलेलं असलं, फोनवरचे निरोप जपलेले असले, तर बळ येतं. दादांचे काही हप्ते फोनवरून गेलेत. ते सगळे आम्ही छापून घेतले.

पुणे जिल्ह्याला हे दुखणं नवं नाही. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, कारण गहाणाच्या नावाखाली जमिनी जात होत्या. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. न्यायालयानं दस्ताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा आणि शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा, ही त्यातली सोय. खत कुणीतरी समजावून सांगितल्याशिवाय सही करू नये, हे इथल्या माणसांनी फार मोठी किंमत मोजून शिकलेलं आहे.

दुपारी साडेचार

नांदेड फाट्यावरून एका ताईंचा फोन. टॉप-अपचे हप्ते थकले, बँकेची नोटीस आली. तारीख विचारली. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं. मग सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस येते आणि साठ दिवस मिळतात. त्या साठ दिवसांत लेखी हरकत घेता येते, आणि बँकेला तिचं उत्तर द्यावंच लागतं. ताईंचे बावीस दिवस अजून हातात आहेत. नोटीस घेऊन उद्या सकाळीच या म्हटलं. पाकीट न उघडता कपाटात ठेवून देणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्यासाठी फार थोडं करता येतं.

संध्याकाळी ७

सकाळच्या फाईलवाल्यांचा फोन. बेबाकी दाखल्याचं सोसायटीच्या सचिवांशी बोलणं झालंय. मग मी मुलीच्या वडिलांना त्यांच्या बहिणींचं विचारलं. घर वडिलोपार्जित आहे, आणि आजोबांच्या पश्चात वारसनोंदीत मुलीच्या दोन्ही आत्यांची नावं लागलेली आहेत. पहिल्या कर्जाच्या वेळी त्यांच्या सह्या झाल्या होत्या.

“पुन्हा कशाला? तेव्हा दिल्यात की.”

तेव्हा त्यांनी तेवढ्या कर्जाला संमती दिली होती. आता रक्कम वाढते, म्हणजे त्यांच्या हिश्शावरचा भारही वाढतो. एक आत्या भोरला असते, दुसरी इचलकरंजीला. फोनवर हो म्हणवून घेऊ नका, कर्ज किती, किती वर्षांचं, फेडणार कोण, हे त्यांना समोर बसवून सांगा, आणि त्या नको म्हणाल्या तर तेही ऐकून घ्या, असं मी म्हटलं. रविवारी अकराची वेळ ठरली. दोघी आत्या, पहिल्या बँकेचं ताजं खाते-विवरण आणि मुलीचं प्रवेशपत्र, एवढं बरोबर आणायला सांगितलंय.