मिरवणुकीतील सुख आणि शीण

महोत्सव म्हटला की मिरवणूक ही आलीच. सभा, भाषणे, सत्कार हे सारे मंडपात होते आणि मंडपात येणारेच ते पाहतात. मिरवणूक मात्र अंथरुणास खिळलेल्या आजीच्याही दारावरून जाते. म्हणून कोणत्याही संस्थेला ‘आम्ही तुमच्यातलेच आहोत’ असे गावाला सांगावेसे वाटले की ती रस्त्यावर येते. आम्ही शिक्षकाच्या नात्याने वीसएक वर्षे मुलांच्या रांगा घेऊन बेळगावच्या गल्ल्यांतून चालत आहोत. कधी स्वातंत्र्यदिनाची प्रभातफेरी, कधी शिवजयंतीतले लेझीम, कधी ईद-ए-मिलादचा जुलूस. या चालण्यातले सुख कोठून येते, शीण कोठून येतो आणि त्यातला कोणता शीण टाळता येण्यासारखा आहे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आमचे गाव मिरवणुकांचे गाव आहे. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने १९०५ साली येथे झेंडा चौकात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. आज विसर्जनाची मिरवणूक कपिलेश्वर तलावापाशी संपते तेव्हा दुसरा दिवस उजाडलेला असतो. शिवजयंती आम्ही जुन्या तिथीप्रमाणे वैशाखात करतो आणि तिच्या चित्ररथांसाठी खेड्यापाड्यांतून माणसे रात्रभर रस्त्याच्या कडेला बसून राहतात. मोहरमात पंजे व ताबूत निघतात, आणि या सीमाभागातील कित्येक गावांत त्यांच्यापुढे नवस बोलणारे हिंदूही असतात. तेव्हा मिरवणूक ही एका समाजाची मिरासदारी नव्हे. प्रत्येकाने ती काढली आहे आणि प्रत्येकाने ती खिडकीतून पाहिलीही आहे.

प्रथम सुखाची गोष्ट. मिरवणुकीत चालणारा माणूस एरवीपेक्षा अधिक चालतो आणि तरी कमी थकतो, याचे कारण ताल. ढोलाचा ठेका पडला की पावले आपोआप त्याच्याशी जुळतात. शेजाऱ्याचे पाऊल आणि आपले पाऊल एकदम पडते. वर्गात ज्याला पाढे म्हणताना शेजाऱ्याची लय सापडत नाही, तो मुलगा लेझमीच्या चौथ्या हाताला पन्नास जणांत एकजीव झालेला आम्ही पाहिला आहे. दुसरे सुख दिसण्याचे. एरवी ज्या रस्त्याने मूल मोटारी चुकवीत कडेकडेने जाते, त्याच रस्त्याच्या मधोमध ते त्या दिवशी चालते आणि आपल्या गल्लीपाशी आले की मान वर करून आई कोठे उभी आहे ते शोधते. तिसरे सुख रस्त्याकडेच्या घरांचे. कोणी पाण्याची घागर घेऊन उभा असतो, कोणी सरबताचे पातेले. मोहरमात तहानलेल्याला पाणी वा सरबत पाजणे हे आमच्याकडे पुण्यकर्म मानतात. इसवी सन ६८० मध्ये करबला येथे हजरत हुसेन व त्यांचे सोबती पाण्यावाचून तळमळले, त्याची ती आठवण आहे. पण पेला पुढे करणारा हात कोणाच्या मिरवणुकीत कोणाचा असतो, हे पिणारा विचारीत नाही.

आता शीण. त्यातला पहिला शेवटच्या रांगेचा. मिरवणूक पुढून पाहणाऱ्याला वाटते की सारे एकाच गतीने चालले आहेत. वस्तुतः तसे नसते. पुढचा झेंडा सत्कारासाठी थांबला की मागच्या रांगा एकामागून एक थांबतात आणि एकमेकींना भिडतात. झेंडा हलला की पुढची रांग हलल्याचे दिसेपर्यंत मागची रांग हलत नाही. समजा, प्रत्येक रांगेला निघावयास अर्धा सेकंद उशीर झाला, तर साठाव्या रांगेपर्यंत तो तीस सेकंदांचा होतो. आणि सेकंदाला एक मीटर या चालीने मध्ये तीस मीटरांची मोकळी जागा पडते. ती भरून काढण्यासाठी शेपटाला पळावे लागते आणि पळून पोचेपर्यंत पुढे पुन्हा थांबा आलेला असतो. बहुधा शेवटी असतात ती लहान मुले! कवायतीचे प्रमाण मिनिटाला १२० पावले आणि पाऊल ३० इंचांचे. ते जवानाच्या पायाला धरून आहे, तिसरीतल्या मुलाच्या नव्हे. म्हणून आम्ही सर्वांत लहान मुलांना पुढे ठेवतो आणि साऱ्या पथकाची चाल त्यांच्या पावलावर बांधतो.

दुसरा शीण चालण्याचा नव्हे, उभे राहण्याचा. चार वाजता निघणाऱ्या मिरवणुकीसाठी मुलांना दोन वाजता बोलावतात आणि पाहुणे आल्यावर ती सहाला निघते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात व सैल होतात आणि पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलतात. ताठ उभे राहिले की हे ढकलणे बंद पडते, रक्त पायांत साठते, मेंदूला पुरत नाही आणि मूल कोसळते. त्यात वैशाखाचे ऊन आणि सकाळचे उपाशी पोट. अशा वेळी चेहऱ्यावर पाणी मारून मुलाला पुन्हा उभे करू नये. सावलीत आडवे निजवावे, पाय थोडे उंच ठेवावेत, शुद्ध आल्यावर घोटघोट पाणी द्यावे आणि लवकर शुद्ध न आल्यास डॉक्टरांकडे न्यावे. उभे राहणे अटळच असेल तर मुलांना टाचा वरखाली करावयास सांगावे.

तिसरा शीण कानांचा. कामगारांच्या कानांच्या रक्षणासाठी अमेरिकेतील तज्ज्ञांनी घातलेली एक मर्यादा लक्षात ठेवण्याजोगी आहे. आवाज ८५ डेसिबल असेल तर तो दिवसाला आठ तास सोसावा. पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला ती अवघी पंधरा मिनिटे उरते. ध्वनिवर्धकांच्या भिंतीमागे मूल चार-चार तास चालते, तेव्हा त्याच्या कानांचे काय होत असेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांना बंदी केली आहे. सणासुदीला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपावेतो सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. इस्पितळ, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता राखावयाची असते. पण नियमाच्याही आधी माणुसकी आहे. गल्लीत कोणी आजारी आहे असा निरोप आला की ढोल उलटे करून नुसते चालत जाणारी पथके आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांच्याविषयी त्या गल्लीत आजही चांगले बोलतात.

चौथा शीण गर्दीचा. तो कधी प्राणावर बेततो. एका चौरस मीटरात दोन-तीन माणसे असतील तोवर प्रत्येकजण आपल्या पायांनी चालतो. हीच संख्या पाच व त्याहून अधिक झाली की माणूस चालत नाही, वाहू लागतो. मागच्याचा धक्का पुढच्यापर्यंत लाटेसारखा पोचतो आणि मागच्याला त्याची खबर नसते. म्हणून अरुंद गल्लीच्या तोंडाशी स्वयंसेवक हवा, आणि त्याचे तोंड देखाव्याकडे नव्हे तर गर्दीकडे हवे. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी आदल्याच वर्षी सेवादल उभे केले होते आणि येथील स्वयंसेवकांची व्यवस्था त्यांच्याकडे होती. मोठा मेळावा पार पडतो तो अशा, व्यासपीठाकडे पाठ करून उभे राहणाऱ्यांच्या बळावर.

शेवटचा शीण मनाचा आहे आणि त्याविषयी लिहिताना हात थोडा अडखळतो. मिरवणुकीच्या वाटेवर एखादे वळण असे असते की तेथे पोलिसांची संख्या वाढते, दुकानांच्या फळ्या अर्ध्या लागतात आणि चालणाऱ्यांचे बोलणे कमी होते. हिंदूंच्या मिरवणुकीत ते वळण मशिदीपाशी असते, मुसलमानांच्या जुलुसात देवळापाशी. आम्ही दोन्हींत चाललो आहोत. भगवे फेटे बांधलेल्या मुलांच्या लेझीम-पथकापुढे शिट्टी घेऊन त्या वळणावर पोचताना पोटात कसे होते, हे आम्हांस ठाऊक आहे. आणि हिरव्या पताकांच्या रांगेत चालताना समोरच्या ओट्यावरचा ओळखीचा दुकानदार नजर चुकवतो तेव्हा काय वाटते, हेही. घोषणा देणारा एखाद-दुसराच असतो. पण त्या क्षणी मुले घोषणेकडे पाहत नाहीत, ती आपल्या शिक्षकाच्या तोंडाकडे पाहतात. त्या तोंडावर भीती दिसली तर ती भीती शिकतात, राग दिसला तर राग. शिट्टीचा ठेका न चुकता पुढे पडत राहिला तर रस्ता सर्वांचा आहे एवढेच शिकून घरी जातात. अजानची वेळ झाली म्हणून वाद्य थांबवणारे आणि आरती संपेपर्यंत जुलूस कोपऱ्यावर रोखून धरणारे लोक आपल्या प्रांतात आहेत. त्यांची बातमी होत नाही, कारण तेथे काही घडलेले नसते.

हे वळण कधी रस्त्यात असते, तर कधी पंचांगात. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असल्यामुळे आमचे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतात आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतात. हिंदू पंचांग अधिक मास धरते, म्हणून गणेशोत्सव भाद्रपदात आणि पावसाळ्याच्या अखेरीसच राहतो. यामुळे काही वर्षांनी दोन्ही एकमेकांना गाठतात. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. मुंबईत खिलाफत कमिटीने आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरविले आणि बेळगावातही आम्ही मुसलमानांनी तो पुढे नेला. २०२४ व २०२५ मध्येही दोन्ही दिवस लागोपाठ आले, तेव्हाही मुंबईत जुलूस पुढच्या तारखेला गेला. यात कोणी हरले नाही. विसर्जनाला रस्ता मिळाला, जुलूसाला रस्ता मिळाला, आणि लहान मुलांना दोन्ही पाहावयास मिळाले.

या साऱ्याचा मथितार्थ एकच. मिरवणुकीचे सुख एकत्र चालण्यात आहे, आणि तिचा बहुतेक शीण पुढच्याला मागच्याची व चालणाऱ्याला रस्त्याकडेच्या घराची आठवण न राहिल्यामुळे होतो. म्हणून मिरवणूक कशी झाली हे विचारावयाचे तर पुढच्या रथावरील पाहुण्यांना विचारू नये. शेवटच्या रांगेतल्या मुलाला आणि वळणावरच्या घराला विचारावे.

आपल्या न्यासाच्या कार्यकर्त्यांपुढे याच दृष्टीने चार सूचना ठेवतो. मुलांना निघण्याच्या वेळेच्या अर्धा तास आधीच बोलवावे आणि पाहुण्यांसाठी थांबवू नये. सत्काराचे थांबे दोन-तीनच ठेवावेत आणि ते रुंद चौकात असावेत. पाण्याची गाडी पुढे नव्हे, शेवटी असावी. आणि वाटेवरील देऊळ, मशीद, चर्च व इस्पितळ येथील जबाबदार मंडळींना आदल्या दिवशी कोणीतरी वडीलधाऱ्याने समक्ष भेटून वेळ सांगावी. या कामाला पैसे लागत नाहीत, फक्त चपला घालून जावे लागते.

हे झाले तर शेवटची रांग घरी पोचेल तेव्हा मुलाचे पाय दुखतील खरे, पण पुढच्या वेळी यायचे का असे आईने विचारल्यावर ते ‘हो’ म्हणेल. न्यासाच्या मिरवणुकीला याहून मोठे प्रशस्तिपत्र नको.