कार्बाइन, पिस्तुली काडतुसाची : बिघाड, काडतूस-दोष व निगा

पिस्तुलासाठी बनविलेले आखूड काडतूस वापरणारी, खांद्याला दस्ता टेकवून झाडावयाची हलकी व आखूड बंदूक. पिस्तुलाच्या मानाने तिचा नेम अधिक स्थिर राहतो आणि रायफलीच्या मानाने धक्का व आवाज कमी असतो. जवळच्या पल्ल्यातील चकमक, वाहनातील पहारा व पोलिसी बंदोबस्त या कामांसाठी ती सोयीची ठरते. या बंदुकीची यंत्रणा साधी असली, तरी ती चालविणारी ऊर्जा सर्वस्वी काडतुसाकडून मिळते. त्यामुळे काडतूस, मॅगझिन व यंत्रणा यांपैकी एकातील दोष दुसऱ्यात दिसून येतो. बिघाडाचे नेमके स्थान ओळखल्याशिवाय पुन्हा चाप ओढणे हे प्रसंगी नळी फुटण्यास व चालविणाऱ्याच्या इजेस कारण होते. म्हणून निदानाची पद्धती हा या शस्त्राच्या अभ्यासातील महत्त्वाचा भाग आहे.

इतिहास : कार्बाइन हे मूळचे घोडेस्वाराचे शस्त्र होय. कमरेचे रिव्हॉल्व्हर आणि खांद्यावरची बंदूक यांना एकच काडतूस वापरण्याची सोय अमेरिकेत विंचेस्टर कंपनीच्या १८७३ सालच्या बंदुकीमुळे लोकप्रिय झाली. जर्मनीत गेओर्ख लुगर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ९ मिमी. पॅराबेलम काडतूस तयार केले व पुढे ते जगभर रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने स्टेन ही स्वस्त बंदूक १९४१ पासून मोठ्या प्रमाणावर बनविली. तिचे मॅगझिन वारंवार अडखळत असे. ते ३२ काडतुसांचे असूनही सैनिक त्यात दोन-चार काडतुसे कमीच भरीत. जॉर्ज विल्यम पॅचेट यांनी आखलेल्या स्टर्लिंग बंदुकीत हे दोष बऱ्याच अंशी दूर झाले. ब्रिटिश सेनेने ती १९५३ मध्ये स्वीकारली. भारतात कानपूर येथील लहान शस्त्रांच्या कारखान्यात तिचे उत्पादन १९६० नंतरच्या दशकात सुरू झाले. भारतीय सेनेत व पोलीस दलांत ‘कार्बाइन’ म्हणजे दीर्घकाळ हीच बंदूक असे समजले जाई. पुणे येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापना आणि महू येथील इन्फन्ट्री स्कूल यांनी मिळून विकसित केलेले ९ मिमी. ‘अस्मी’ हे यंत्र-पिस्तूल २०२१ मध्ये जाहीर झाले.

महाराष्ट्रात लष्करी काडतुसांच्या उत्पादनाची परंपरा जुनी आहे. खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा असून त्याच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही रोमन आद्याक्षरे ठोकलेली आढळतात. खानदेशात जळगाव-भुसावळ मार्गावरील नशिराबादच्या पूर्वेस, भुसावळच्या पलीकडे वरणगाव येथे १९६४ मध्ये आयुध निर्माणी स्थापन झाली. ५·५६ मिमी. व ७·६२ मिमी. रायफलींची काडतुसे हे तिचे प्रमुख उत्पादन होय. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन झाल्यानंतर खडकी व वरणगाव हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीकडे आले.

रचना व कार्य : काडतुसाचे चार घटक असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडातील खळग्यात बसविलेली टोपी, धूमरहित दारू व गोळी. फायरिंग पिनच्या आघाताने टोपीतील संवेदनशील मिश्रण पेटते, त्याची ज्योत दारूला लागते आणि निर्माण झालेल्या वायूच्या दाबाने गोळी नळीत ढकलली जाते [⟶ काडतूस, दारूगोळा]. ९ मिमी. पॅराबेलमच्या पुंगळीची लांबी सु. १९ मिमी. असते व त्यातील दाबाची युरोपीय प्रमाणित कमाल मर्यादा २३५ मेगॅपास्काल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या सु. २,३०० पट आहे.

बहुतेक पिस्तुली कार्बाइनी ब्लोबॅक पद्धतीच्या असतात. त्यांत बोल्ट नळीला कुलूपबंद केलेला नसतो. त्याचे वजन व मागील स्प्रिंग यांच्या जोरावरच पुंगळी क्षणभर जागी राहते. दाब उतरताच पुंगळी बोल्टला मागे रेटते, इजेक्टर तिला बाहेर फेकतो आणि परत येणारा बोल्ट मॅगझिनमधील पुढचे काडतूस नळीच्या मागील टोकाशी असलेल्या कोठीत ढकलतो. स्टर्लिंगमध्ये चाप ओढण्यापूर्वी बोल्ट मागे अडकविलेला असतो, कोठी रिकामी असते व फायरिंग पिन बोल्टच्या तोंडावरच पक्की असते. खुल्या बोल्टच्या या रचनेमुळे तापलेल्या कोठीत काडतूस पडून राहून आपोआप उडण्याचा धोका टळतो. खेळासाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक कार्बाइनींत मात्र बोल्ट बंद स्थितीत असतो व फायरिंग पिन सुटी असते.

पुनर्भरित काडतुसे : वापरलेली पुंगळी पुन्हा उपयोगात आणून तयार केलेल्या काडतुसास पुनर्भरित काडतूस म्हणतात. अमेरिकादी देशांत नेमबाज खर्च वाचविण्यासाठी ही पद्धती वापरतात. पुंगळी स्वच्छ करणे, साच्यातून दाबून मूळ मापावर आणणे, जुनी टोपी काढून नवी बसविणे, दारू मोजून भरणे, गोळी बसविणे व पुंगळीचे तोंड आवळणे असा तिचा क्रम असतो. कारखान्यात प्रत्येक टप्प्यावर मापनी व वजन यांची तपासणी होते आणि प्रत्येक लॉटमधील नमुने वेग, दाब व टोपीची संवेदनशीलता यांसाठी पारखले जातात. घरगुती भरणीत हा सर्व भार एका व्यक्तीच्या दक्षतेवर पडतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याविना काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे आणि ९ मिमी. पॅराबेलम हे निषिद्ध बोअरमध्ये मोडत असल्याने सामान्य नागरिकास त्याचे शस्त्र बाळगता येत नाही.

पुनर्भरणातील दोष मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला मापाचा होय. ब्लोबॅक बंदुकीतील पुंगळी बुडाजवळ फुगते. साच्यात ती पुरेशी दाबली गेली नाही, तर काडतूस कोठीत पूर्ण बसत नाही. गोळी फार बाहेर राहिली, तर ती नळीतील खाचांच्या आरंभास टेकते. ९ मिमी. पुंगळी कोठीत आपल्या तोंडाच्या कडेवर टेकून राहते. त्यामुळे तोंड प्रमाणाबाहेर आवळल्यास हा आधार नाहीसा होऊन काडतूस खोलवर जाते व आघात अपुरा पडतो. याउलट आवळ सैल राहिल्यास कोठीत शिरताना धक्क्याने गोळी पुंगळीत मागे सरकते. आतील जागा घटल्याने दाब धोकादायक रीत्या वाढतो. मापाची साधी परीक्षा म्हणजे बंदुकीपासून वेगळ्या केलेल्या नळीच्या कोठीत काडतूस सोडून पाहणे. ते स्वतःच्या वजनाने आत बसले पाहिजे आणि नळी उलटी करताच सुटून पडले पाहिजे.

दुसरा दोष टोपीचा. टोपी खळग्यात पूर्ण बसली नसेल, तर पहिला आघात ती बसविण्यातच खर्ची पडतो व बार होत नाही. उंच राहिलेली टोपी बोल्टच्या धडकेने अकालीही पेटू शकते. तिसरा व सर्वांत गंभीर दोष दारूच्या मापाचा आहे. पिस्तुली काडतुसासाठी वापरावयाच्या काही शीघ्रज्वलनशील दारूंचे माप पुंगळीचा निम्माही भाग व्यापत नाही. त्यामुळे चुकून दुप्पट दारू पडली, तरी ती बाहेरून कळत नाही. दारू पडलीच नाही, तर एकट्या टोपीच्या दाबाने गोळी नळीत शिरून अडकते. म्हणून गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहणे हा पुनर्भरणाचा अनुल्लंघनीय नियम मानला जातो.

बिघाडांचे निदान : चाप ओढूनही बार न झाल्यास नळी सुरक्षित दिशेस ठेवून निदान ३० सेकंद थांबावे. कारण टोपी किंवा दारू क्वचित विलंबाने पेटते. त्यानंतर मॅगझिन काढून काडतूस बाहेर घ्यावे व टोपी तपासावी. तीवर खोल व मध्यभागी खूण असल्यास दोष बहुधा काडतुसाचा असतो. खूण उथळ असल्यास उंच टोपी, मळलेली यंत्रणा, क्षीण स्प्रिंग किंवा झिजलेली पिन संभवते. खूण मुळीच नसल्यास बोल्ट पूर्ण पुढे आला नव्हता, किंवा पिन तुटली आहे, असे समजावे.

आवाज मंद आला, धक्का जाणवला नाही किंवा बोल्ट पुरता मागे गेला नाही, तर तो फुसका बार समजून झाडणे तत्काळ थांबवावे. अशा वेळी गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी गोळी झाडल्यास नळी फुगते वा फुटते. लांब नळीत घर्षण अधिक काळ होत असल्यामुळे, पिस्तुलातून निघून जाणारी दुर्बल भरणीची गोळी कार्बाइनीत अडकू शकते. नळी मोकळी असल्याची खात्री बंदूक रिकामी करून कोठीकडून गज घालूनच करावी. बोल्ट मागे ओढून लगेच पुन्हा झाडण्याची सराव-शिबिरांत अंगवळणी पडलेली सवय नेमकी या प्रसंगी घातक ठरते.

खुल्या बोल्टच्या बंदुकीत दुर्बल काडतुसाचा आणखी एक परिणाम होतो. बोल्ट पुढचे काडतूस उचलण्याइतका मागे जातो, पण त्याला रोखून धरणाऱ्या सीअर नावाच्या खटक्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी चाप सोडला, तरी मॅगझिन संपेपर्यंत बंदूक झडत राहते. झिजलेल्या सीअरमुळेही हेच घडते. नळी लक्ष्याच्या दिशेस धरून मॅगझिन काढणे हाच त्यावर तातडीचा उपाय होय.

पुंगळी कोठीत अडकणे किंवा बाहेर पडताना बोल्टात चिमटणे हे बिघाड मळलेली कोठी, तुटलेली आकडी, सैल इजेक्टर वा कमी दाब यांमुळे होतात. काडतूस मॅगझिनमधून वर येताना अडले, तर प्रथम दुसरे मॅगझिन लावून पाहावे. दोष नाहीसा झाल्यास तो मॅगझिनच्या वाकलेल्या ओठांत वा थकलेल्या स्प्रिंगमध्ये आहे, हे सिद्ध होते. म्हणून मॅगझिनांवर क्रमांक घालण्याची पद्धत उपयुक्त ठरते. निदानात एका वेळी एकच घटक बदलावा : आधी मॅगझिन, मग काडतुसांचा लॉट व शेवटी बंदुकीचा भाग.

झाडलेली पुंगळी ही या बंदुकीची रोजनिशीच म्हणता येईल. पुंगळीच्या बाजूवर काजळी असल्यास दाब अपुरा पडून तिने कोठी नीट बंद केली नाही, असे समजावे. चपटी झालेली वा भोक पडलेली टोपी अतिदाब सुचविते. तोंडाशी उभी चीर पितळ थकल्याची, तर बुडालगतचा फुगवटा अतिदाबाची किंवा बोल्ट लवकर उघडल्याची खूण असते. बुडाची कड फाटली असल्यास पुंगळी कोठीला चिकटली होती, असा निष्कर्ष निघतो.

निगा : पोटॅशियम क्लोरेट असलेल्या जुन्या टोप्यांच्या ज्वलनातून पोटॅशियम क्लोराइड उरते. ते हवेतील ओलावा शोषून नळीस गंज चढविते. ते तेलात विरघळत नाही. म्हणून अशा वेळी नळी प्रथम गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून मग तेल लावावे. शिसे स्टिफ्नेट असलेल्या आधुनिक टोप्यांत हा दोष नाही. तरीही काजळी, शिसे व तांबे यांचे थर काढणे आवश्यक असते. कोठी, बोल्टचे तोंड, आकडीची खाच व सुट्या पिनची पोकळी यांकडे विशेष लक्ष पुरवावे.

हवामानाप्रमाणे निगेची रीत बदलते. खानदेशातील काळ्या जमिनीची उन्हाळी धूळ जाड तेलात मिसळली, की बोल्टचा वेग मंदावतो. म्हणून तेथे तेलाचा अगदी पातळ हात पुरतो. कोकणच्या पावसाळी दमट हवेत मात्र गंजापासून संरक्षणासाठी तेलाचा थर टिकवावा लागतो. स्टर्लिंगच्या बोल्टवरील तिरप्या कडा धूळ बाजूला सारण्यासाठीच ठेवलेल्या आहेत. तिचे ३४ काडतुसांचे मॅगझिन वक्र आहे, ते पुंगळ्या पुढे किंचित निमुळत्या असल्यामुळे. मॅगझिनचे अंतरंग पुसून कोरडे ठेवावे. त्यातील तेल धूळ धरते व झिरपून टोपीतील मिश्रणही निकामी करू शकते.

काडतुसे कोरड्या व थंड जागी, मूळ वेष्टनात आणि लॉट-क्रमांकानुसार ठेवावीत. नायट्रोसेल्युलोजयुक्त दारू उष्णतेने हळूहळू विघटन पावते. हे विघटन रोखण्यासाठी तीत डायफिनिल अमाइनसारखे स्थिरक मिसळतात. परंतु दीर्घकाळच्या उष्णतेत तेही संपते. उन्हात उभ्या असलेल्या वाहनात काडतुसे ठेवणे म्हणूनच अयोग्य होय. बंद बोल्टच्या बंदुकीत तेच काडतूस रोज भरणे व काढणे टाळावे, कारण त्याने गोळी मागे सरकते. एकाच लॉटमध्ये दोष पुन्हा आढळल्यास तो लॉट वेगळा काढून तपासणीस पाठवावा. चांगली काडतुसे त्यातून निवडून वापरू नयेत. तपासणी, झाडलेल्या काडतुसांची संख्या व आढळलेला बिघाड यांची प्रत्येक बंदुकीसाठी स्वतंत्र नोंद ठेवल्यास स्प्रिंग, आकडी व सीअर हे झिजणारे भाग मोडण्यापूर्वीच बदलता येतात.