खंडेनवमीच्या पाटावरचा गंज

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर घरातलं सगळं लोखंड मांडलं जातं. विळे, खुरपी, कुऱ्हाड, वखराची पास, पावशी (तुमच्याकडची विळी), अडकित्ता. शिलाईचं मशीन पाटावर मावत नाही म्हणून शेजारी. आणि सगळ्यांच्या मधोमध मामाजींची एकनळी, बारा बोअरची बंदूक. रानडुकरांपासून पीक राखायला म्हणून मामाजींनी तरुणपणी तिचा परवाना काढलेला. दोन वर्षांपूर्वी नेहमीप्रमाणे त्यांनी ती चामड्याच्या खोळीतून बाहेर काढली आणि तसेच उभे राहिले. नळीवर अंगावर पुरळ उठावं तसे लाल डाग! बंदूक उघडून, ती रिकामी असल्याची खात्री करून त्यांनी नळीतून उजेडाकडे पाहिलं, तर आतही बारीक बारीक खड्डे.

मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे एका जुन्या कारागिराला दाखवली. तो म्हणाला, "वरचे डाग निघतील, पण आतले खड्डे भरून येत नाहीत. हिच्यातून बार काढू नका."

मला नवल याचं वाटलं की चुलीमागे भिंतीला खोचून ठेवलेला जुना विळा, ज्याकडे कुणी वर्षभर बघत नाही, तो काळाकुट्ट पण निरोगी होता. आणि जिला खोबरेल चोळून, फलालीनमध्ये गुंडाळून, चामड्याच्या खोळीत घालून, वरून प्लॅस्टिक बांधून कपाटात ठेवली, तीच गंजली. म्हणजे जिचे जास्त लाड, तिचाच घात!

याचं उत्तर मला शाळेत मिळालं. विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की त्यांचा तास माझ्याकडे येतो. पुस्तकात खिळ्यांचा प्रयोग आहे. एका परीक्षानळीत साधं पाणी आणि खिळा. दुसरीत उकळून हवा काढलेलं पाणी, खिळा आणि वर तेलाचा थर. तिसरीत नुसती कोरडी हवा, ओलावा शोषणारं कॅल्शियम क्लोराइड आणि खिळा. चार-सहा दिवसांनी पहिलाच खिळा गंजतो. नुसतं पाणी गंज आणत नाही, नुसती हवाही आणत नाही. दोघं एकत्र आली की काम होतं, आणि मिठाचा अंश असला तर फार लवकर होतं. शिवाय तांब्या-ॲल्युमिनियमवर जो थर चढतो तो खालच्या धातूला झाकून धरतो. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, सच्छिद्र असतो, पोपडे धरून सुटतो, आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. म्हणून तो थांबत नाही.

आता बंदुकीकडे या. चामडं कमावताना मीठ आणि इतर क्षार वापरलेले असतात, आणि पावसाळ्यात ते हवेतला ओलावा ओढून घेतं. त्याच्या आत फलालीन, तेही ओलावा धरणारं. बाहेर प्लॅस्टिक, म्हणजे आत गेलेली ओल बाहेर निघायची सोय नाही. आश्विन-कार्तिकात आपल्याकडे दिवसा ऊन आणि रात्री गारवा. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं तसं गार झालेल्या लोखंडालाही सुटतं. इतकी बंदोबस्तात ठेवलेली ती बंदूक खरं म्हणजे चार महिने ओल्या पंचात गुंडाळलेली होती! चुलीमागचा विळा उघडा, उबेला, धुराच्या काजळीत. त्याला काय होणार?

खोबरेलाचंही तेच. थंडीत ते थिजतं, जुनं झालं की खवट होतं, आणि ते आंबटपण धातूला बाधतं. आपल्या वऱ्हाडात जवसाचं तेल घरोघर. ते हवेत वाळून वार्निशासारखा थर धरतं. कुऱ्हाडीच्या दांड्याला, बंदुकीच्या लाकडी दस्त्याला उत्तम, पण मशीनच्या किंवा बंदुकीच्या हलत्या भागात गेलं तर चिकटून बसतं. माझ्या मशीनचं चाक एकदा असंच अडलं होतं. हलत्या भागांना शिलाई मशीनचं पातळ तेलच घाला. दोन थेंब पुरतात. ठेवणीतल्या लोखंडाला त्याचाच हात, किंवा व्हॅसलीनचा पातळ लेप. थापायचं नाही. दिसेल न दिसेल इतकंच.

शेतीच्या अवजारांना गॅरेजमधलं जळकं ऑईल चालतं, पण खाण्याच्या वस्तू कापायच्या पावशीला ते कधीही लावू नका. पावशी आणि अडकित्ता धुऊन, चुलीच्या किंवा गॅसच्या उबेला क्षणभर धरून कोरडे करावेत आणि खायच्याच तेलाचं बोट फिरवावं. रोज वापरात असल्यानं ते खवट व्हायला वेळच मिळत नाही. गंज चढलाच तर चिंचेचा कोळ लावून नारळाच्या शेंडीनं घासा, गरम पाण्यानं धुवा आणि लगेच वाळवा. चिंचेचा अंश राहिला तर तोच पुन्हा गंज आणील. बंदुकीला मात्र चिंच नको आणि काचकागदही नको. नळीवरची ती निळसर काळी झाक म्हणजे मुद्दाम चढवलेला लोखंडाचाच एक शहाणा गंज असतो, आणि तो खालच्या धातूला राखतो. घासलात तर तोच जातो.

आणखी एक. अवजारं शेतातून आली की माती नुसती झटकून भागत नाही. खताचे दाणे चिकटलेले असतात, तेही क्षारच. पास आणि डवऱ्याचं लोखंड धुवायचं, उन्हात टाकायचं, तेल लावायचं, मग भिंतीला टेकवून नाही तर खुंटीला टांगून ठेवायचं. सिमेंटच्या जमिनीवर किंवा पोत्यात गुंडाळून नको. बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या मी अडकित्त्याच्या डब्यात टाकते. पोरांच्या हाती मात्र लागू देत नाही.

पूजेचं मात्र आमच्या घरी भांडण झालं. ओली हळद, ओलं कुंकू, वर झेंडूची ओली फुलं, आणि हे सगळं रात्रभर लोखंडावर. दुसऱ्या दिवशी त्याच जागी डाग. मी संध्याकाळी पुसायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "पुसून कायले टाकतं? देवाचं हाये ते." शेवटी तोड निघाली. बोटं आता लाकडी दांड्यावर उमटतात, फुलं पाटावर राहतात, आणि दसऱ्याच्या सकाळी सगळ्यांवरून तेलाचं फडकं फिरतं. हाताच्या घामातही मीठ असतं, त्यामुळे हे पुसणं सणानंतर हवंच.

गंजका खिळा लागला की धनुर्वात होतो असं आपण म्हणतो. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात, गंजात जन्मत नाहीत. चकचकीत विळ्यानं कापलं तरी जखमेत माती गेली असेल तर इंजेक्शनचं डॉक्टरांना विचाराच.

बंदुकीबद्दल बायकांना सहसा कुणी काही सांगत नाही, म्हणून लिहिते. घरात परवान्याची बंदूक असेल तर ती साफ करणं परवानाधारकाचं काम. आपण हात लावायचा नाही, माळा आवरतानासुद्धा नाही. ठासणीची जुनी बंदूक तर वर्षानुवर्षं भरलेली राहू शकते. काडतुसं वेगळी, कुलपात. निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा करायचा हुकूम आला तर देण्याआधी नळीला आतून तेलाचा बोळा फिरवायला घरच्यांना आठवण करा. परवानाधारक वारले तर ती "त्यांची आठवण" म्हणून पेटीत ठेवून देऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाला हवी असेल तर त्यानं स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करायचा.

आमच्या मामाजींनी मागच्या वर्षी ती आपणहून जमा केली. या खंडेनवमीला पाटावर मधोमध कुऱ्हाड होती. चामड्याची खोळ मात्र त्यांनी ठेवून घेतली. तिच्यात आता शेताचे जुने सातबारे असतात.