हात न लावता मारणे : इंग्लिश कायद्यातला ‘असॉल्ट’

मागच्या वेळी आपण मनुष्यवधापाशी थांबलो होतो. आज, ज्यात माणूस मरत नाही, असे हिंसेचे गुन्हे बघायचेत.

आपण ‘मारहाण’ म्हणतो तेव्हा एकच चित्र डोळ्यांपुढे येतं. इंग्लिश कायदा तिथे दोन गोष्टी वेगळ्या काढतो. ‘बॅटरी’ म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर बेकायदा बळ वापरणं, मग इजा होवो न होवो. ‘असॉल्ट’ म्हणजे आता आपल्याला मार बसणार, असं त्याला वाटायला लावणं. मागून कुणी काठी घातली आणि ती येताना दिसलीच नाही, तर बॅटरी झाली, असॉल्ट नाही. काठी नुसतीच उगारली आणि समोरचा दचकला, तर असॉल्ट झाला, बॅटरी नाही. म्हणजे धास्ती हीच इजा! आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना इथे चटकन रस वाटू लागतो.

शब्दांचं काय मग? १६६९ सालचा टर्बरव्हिल विरुद्ध सॅव्हेज हा खटला बघा. भांडणात एकाने तलवारीवर हात ठेवला आणि म्हणाला की, न्यायाधीश गावात आले नसते तर तुझं हे बोलणं मी ऐकून घेतलं नसतं. न्यायाधीश तर गावात होतेच. म्हणजे हाताने दिलेली धमकी तोंडाने परत घेतली. म्हणून असॉल्ट नाही. शब्द कृतीचा अर्थ पुसू शकतात, हे ठरलं. पण नुसत्या शब्दांनी गुन्हा घडतो का? पुष्कळ काळ उत्तर ‘नाही’कडे झुकलेलं होतं. इंग्रजांनीच केलेल्या आपल्या १८६०च्या दंड संहितेत, ३५१व्या कलमाखाली, केवळ शब्द म्हणजे हमला नव्हे, असं साफ लिहिलेलं होतं.

आणि मग १९९७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आयर्लंड नावाच्या माणसाचा खटला आला. हा गृहस्थ तीन स्त्रियांना वारंवार, बहुतेक रात्री, फोन करायचा आणि गप्प राहायचा. त्या स्त्रियांना मानसिक आजार जडला. हात लावला नाही, शब्दही उच्चारला नाही, मग गुन्हा कसला? लॉर्ड स्टेन यांचं म्हणणं असं की, शब्दांनी असॉल्ट होतच नाही ही समजूत वास्तवाला धरून नाही. आणि मौनानेही तो होऊ शकतो. फोन ठेवल्यावर हा माणूस मिनिटा-दोन मिनिटांत दाराशी येईल, अशी भीती त्या बाईला वाटली असेल तर ती पुरे. मौनालाही अर्थ असतो, हे घराघरात ठाऊक आहे हो, पण न्यायालयाला ते म्हणायला १९९७ साल उजाडलं. शिवाय वैद्यकाने मान्य केलेला मानसिक आजार हीही ‘शारीरिक इजा’च, असं ठरलं. मात्र नुसती भीती, रडू, उडालेली झोप यांत मोडत नाही. ही रेघ आम्हांला बोचते. पण ती पुसली तर प्रत्येक कडू बोलणं कोर्टात जाईल, हेही खरं.

आता शिक्षा. साध्या असॉल्टला किंवा बॅटरीला जास्तीत जास्त सहा महिने. त्याच्या वरचे गुन्हे अजून १८६१च्या कायद्यात आहेत. कलम ४७, प्रत्यक्ष शारीरिक इजा : पाच वर्षं. कलम २०, जखम किंवा जबर दुखापत : तीही पाच वर्षं! कलम १८, जबर दुखापत करण्याच्या हेतूनेच केलेलं कृत्य : जन्मठेप.

सर्वांत अडचणीचं आहे ते ४७. १९९१च्या एका खटल्यात, हाही ‘सॅव्हेज’च, एका बाईने दुसरीच्या अंगावर बिअर फेकली. पेला हातातून सुटला, फुटला आणि दुसरीचं मनगट कापलं. पहिली म्हणाली, मला फक्त भिजवायचं होतं. लॉर्ड्सनी ठरवलं की, भिजवण्याचा हेतू म्हणजे बॅटरीचा हेतू, तेवढा ४७ला पुरे. इजेची कल्पना असण्याची गरज नाही. म्हणजे पेला हातात राहिला तर सहा महिने, निसटला तर पाच वर्षं, आणि दोन्ही वेळा मन तेच. दैवाने केलेल्या फरकाची शिक्षा माणसाने का भोगावी? कांटच्या वाचकाला हे पटणार नाही. पण ज्या बाईचं मनगट कापलं, तिच्याजवळ बसून बघा, मग ‘मन तेच होतं’ हे वाक्य तितकं सहज तोंडातून निघत नाही. आम्ही आजही दोन्हीकडे थोडे थोडे आहोत.

इंग्लंडच्या लॉ कमिशनने २०१५ साली या सगळ्याची नवी मांडणी सुचवली. त्यात इजेची कल्पना होती का, हे गंभीर गुन्ह्यांत पाहावं, असा रोख होता. कायदा मात्र १८६१चाच चालू राहिला.

संमतीचा प्रश्न, म्हणजे बॉक्सिंगमधला ठोसा गुन्हा का नाही, तो पुढच्या वेळी घेऊ.